बिनचेहऱ्याचा पडदा

अब्बा पेंटर. ‘होते’ म्हणायला हवे, कारण माणूस खुशाल आहे, धंदा गेला. नंदुरबारात एके काळी त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारे थोडेच होते. ‘पेंटर’ म्हटले की पुरे. किराणा दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरे, मिरचीच्या व्यापाऱ्यांच्या गाळ्यांवरची नावे, टॉकीजचे बोर्ड आणि खेड्यापाड्यांतल्या हौशी नाटक मंडळ्यांचे पडदे. हे पडदे ठरलेले असत: राजवाडा, जंगल आणि रस्ता. मांजरपाट जमिनीवर अंथरायचे, सरसात कालवलेला रंग घ्यायचा आणि अनवाणी पायांनी कापडावर चालत चालत राजवाडा उभा करायचा. मी लहानपणी त्या राजवाड्यावर पालथा पडून खांब मोजत असे. पण पडदा टांगला की तोच सपाट राजवाडा खोल खोल आत जाई. हे कसे होते ते अब्बांनी मला एकदा समजावले. कापडाच्या मधोमध एक खिळा ठोकायचा, त्याला दोरी बांधायची, आणि खांब, पायऱ्या, फरशी यांच्या सगळ्या रेषा त्या दोरीच्या मापाने खिळ्याकडे पळवायच्या. “सारा खेल कील का है,” ते म्हणत.

मी चौथीत असताना अब्बा जमातीबरोबर चिल्ल्यावर गेले. चाळीस दिवसांनी परत आले ते चेहरा काढायचा नाही असे ठरवूनच. त्यांनी कोणाशी वाद घातला नाही, कोणाला उपदेश केला नाही. टॉकीजवाल्याला निरोप पाठवला की आता दुसरा माणूस बघा. फक्त अक्षरे, वेलबुट्टी आणि फार तर एखादा डोंगर. टॉकीजचा बोर्ड म्हणजे चेहरेच, त्यामुळे घरात येणारा पैसा अर्ध्यावर आला. अम्मीने शिवणयंत्र काढले. पुढे काही वर्षांनी फ्लेक्स आला आणि अक्षरेही गेली. तसबिरीच्या मसल्यावर आपल्यात एकच मत नाही. आपल्याच मोहल्ल्यांत फोटो स्टुडिओ चालतात, आणि त्याच मोहल्ल्यांत भिंतीवर एकही फोटो न लावणारी घरे आहेत. मी त्या वादात पडत नाही. पण तेव्हा माझा अब्बांवर राग नव्हता असे लिहिले तर ते खोटे होईल. माझी सहलीची फी त्या वर्षी भरली गेली नाही, आणि मी मनात म्हणालो होतो की एका चेहऱ्याने काय बिघडले असते?

पुढे मी डी.एड., बी.एड. करून उर्दू शाळेत शिक्षक झालो. 2023 च्या हिवाळ्यात आमच्या शाळेने तालुक्याच्या बालनाट्य स्पर्धेत उतरायचे ठरवले. नाटक मी निवडले. प्रेमचंदांची ‘ईदगाह’ आमच्या प्रत्येक मुलाला माहीत असते. गरीब हमीद तीन पैसे घेऊन ईदच्या मेळ्याला जातो, खेळणी-मिठाई सोडून दादी अमीनासाठी चिमटा आणतो, कारण भाकरी करताना तिचे हात भाजतात. संवाद मराठीत, घरातले बोलणे उर्दूत. बावीस मुले-मुली आणि खर्चाला शाळेकडून दीड हजार रुपये.

सदर मुदर्रिस साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, “पडदा कौन बनाएगा? तुमचे वालिद आहेत की!” संस्थेतल्या एका बुजुर्ग हाजी साहेबांचा प्रश्न वेगळा होता. स्टेजवर नमाज दाखवणार का? नमाजाची नक्कल त्यांना पसंत नव्हती, आणि खरे सांगायचे तर मलाही ती नको होती. पण ईदगाह म्हटल्यावर ती टाळायची कशी?

मी अब्बांकडे गेलो. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, “ईदगाह की दीवार बना दूँगा, बेटा. मेळा कैसे बनाऊँ? मेळे में तो लोगां लगते.”

तिथे गाडी अडली. आणि तिथेच मला जळगावच्या वाचनालयातले एक जाडजूड पुस्तक आठवले. बी.एड.च्या वर्षात ऊन टाळायला मी तिथे जाऊन बसत असे, आणि आधुनिक चित्रकलेचे ते पुस्तक निव्वळ चित्रांसाठी चाळत असे. त्यातली काही चित्रे मला कळत नव्हती, पण त्यात जागोजाग नाटकांचा उल्लेख होता हे लक्षात राहिले होते. चित्रकार नाटकात कशाला गेले? या वेळी मी नीट शोधून वाचले, आणि वाचेन ते रात्री अब्बांना मोबाईलवर दाखवू लागलो. माझे अर्धे शिक्षण त्यांच्या शेऱ्यांनी झाले.

गोष्ट साधारण अशी आहे. 1896 च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये आल्फ्रेड जारी नावाच्या तरुणाचे ‘उबू रोआ’ हे नाटक लागले. पडदा रंगवायला बोनार, वुइयार, तुलूझ-लोत्रेक असे त्या काळचे बंडखोर चित्रकार होते. त्यांनी काय केले, तर एकाच पडद्यावर घरातले आणि बाहेरचे, झाडे आणि बिछाना, ऊन आणि बर्फ असे सगळे एकत्र काढले. मग प्रवेश कुठे घडतो हे प्रेक्षकाला कसे कळणार? एक माणूस येऊन पाटी लावून जाई. राजवाडा म्हटले की राजवाडा.

“पाटी?” अब्बा उठून बसले. “याने पेंटर का काम बचा!”

मग मी त्यांना पिकासो आणि ब्राक यांची 1910 च्या आसपासची चित्रे दाखवली. एकच सतार, पण समोरून, बाजूने, वरून अशी एकदम दिसणारी. (गिटार होते, पण घरात आम्ही त्याला सतारच म्हणालो.) अब्बांनी मोबाईल आडवा केला, उभा केला आणि म्हणाले, “कील निकाल दी इनों ने.” घनवादावर पुढे मी पुष्कळ वाचले, पण याहून सोपे वाक्य मला सापडले नाही. चारशे-पाचशे वर्षे युरोपातले चित्र एका खिळ्याला बांधलेले होते. पाहणारा एका जागी खिळलेला, आणि सगळ्या रेषा त्याच्या डोळ्यासाठी धावणाऱ्या. नाटकाचा रंगवलेला पडदा म्हणजे तोच खिळा. त्या पडद्यापुढे नट पाठीमागे सरकला की राजवाड्याच्या खांबापेक्षा उंच दिसे आणि सगळा भ्रम मोडे, म्हणून नटाने पुढेच उभे राहून बोलायचे. चित्रकारांनी चित्रातला खिळा उपटला तसा नाटकवाल्यांचाही पाय मोकळा झाला.

आपल्याकडचा पडदा याच घराण्यातला. पारशी नाटक कंपन्यांनी तो गावोगाव नेला. आगा हश्र काश्मिरींची उर्दू नाटके याच पडद्यांपुढे गाजली. दरबार, नदी, तुरुंग, सगळे कापडावर. मराठी संगीत नाटकाचा पडदाही तोच. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर हे सिनेमात येण्याआधी नाटकांचे पडदे रंगवत होते. त्या कामाला मी हलके म्हणणार नाही, माझ्या घराची चूल त्यावर पेटली आहे. मराठीत 1933 साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ आणली तेव्हा पडदा जाऊन खऱ्या भिंती-दारांची खोली आली. पण खोली ती खोलीच. तीन भिंती उभ्या राहिल्या, चौथी प्रेक्षकाने मानून घ्यायची.

रशियात दोन गोष्टी घडल्या त्या मी अब्बांना मुद्दाम दाखवल्या. 1913 मध्ये मालेविच या चित्रकाराने ‘सूर्यावर विजय’ नावाच्या एका अजब संगीतिकेसाठी पडदे केले. त्यांतल्या एकावर नुसता चौकोन होता, तिरका दुभागलेला, अर्धा काळा, अर्धा पांढरा. दोन वर्षांनी त्याचे प्रसिद्ध ‘काळा चौकोन’ हे चित्र आले. अब्बा चौकोनाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “ये तो अस्तर है. इसके ऊपर काम बाकी है.” मी हसलो, पण ते खरेच कोड्यात पडले होते. दुसरी गोष्ट त्यांना एकदम पटली. 1922 मध्ये मायरहोल्डच्या एका नाटकासाठी पोपोवा या बाईने पडदा, भिंत, दार काहीच ठेवले नाही. लाकडी शिड्या, उतरंडी, फिरती चाके असा एक सांगाडा उभा केला आणि नटांनी त्यावर चढायचे, घसरायचे, पळायचे. “परांची,” अब्बा म्हणाले. बोर्ड रंगवायला बांबूची जी परांची बांधतात ती. आयुष्यभर ज्यावर उभे राहून काम केले, तीच कोणी नाटक म्हणून उभी केलेली बघून त्यांना गंमत वाटली.

आणखी एक झाड. बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’मध्ये रंगमंचावर एका झाडाशिवाय फारसे काही नसते. 1961 मध्ये पॅरिसला ते पुन्हा झाले तेव्हा हे झाड जाकोमेत्ती या शिल्पकाराने करून दिले. त्याची माणसे काडीसारखी बारीक असतात. झाडही तसेच झाले. एवढा मोठा शिल्पकार आणि केले काय, तर एक वाळकी फांदी! पण त्या दोन भटक्यांना तेवढाच आधार होता.

हे सगळे वाचताना मला वाटत होते की हा कारभार परका आहे, पॅरिस-मॉस्कोचा. आपला त्याच्याशी काय संबंध? आणि मग एकेक नाव आपल्याच मुलखातले निघू लागले. ही नावे मला उर्दू शाळेत कोणी सांगितली नव्हती, मराठीतही सांगितली नाहीत.

इब्राहिम अल्काझी यांचा जन्म 1925 चा, पुण्याचा. वडील नज्दमधून आलेले अरब व्यापारी, घरात अरबी. शिक्षण पुण्यात आणि मग मुंबईच्या झेवियर्समध्ये. तिथे सुलतान पदमसी यांच्या थिएटर ग्रुपमध्ये ते आले, पुढे लंडनच्या ‘राडा’त शिकले. फाळणीनंतर घरची माणसे पाकिस्तानात गेली, हे इथेच राहिले. 1954 मध्ये मुंबईत ‘थिएटर युनिट’ काढले. त्यांचे मैत्र चित्रकारांत होते. 1947 मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापला, त्या वर्तुळात अल्काझींचे उठणे-बसणे होते. ते स्वतः चित्रे काढत. युरोपातल्या आधुनिक चित्रांच्या छापील प्रतींची प्रदर्शने त्यांनी मुंबईत भरवली, कारण मूळ चित्रे इथे कोणी पाहिलेली नव्हती. नटाला चित्र वाचता आले पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. घराच्या गच्चीवर त्यांनी ‘मेघदूत’ नावाचे खुले नाट्यगृह केले. तिथे पडदा कुठून येणार? वर आकाशच होते.

1962 मध्ये ते दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले आणि 1977 पर्यंत राहिले. 1963 मध्ये ‘अंधा युग’ त्यांनी फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या भिंतींत केले. पुढे कर्नाडांचे ‘तुघलक’ पुराना किल्ल्यात केले, तेही उर्दूत. पारशी कंपनीने जो किल्ला कापडावर रंगवला असता तो त्यांनी खरा घेतला, आणि त्याच्या दगडी पायऱ्यांवर नट असे उभे केले की जणू चित्राची मांडणीच. शिस्त मात्र म्हणे फार कडक होती. त्यांचे शिष्य आजही त्या आठवणी सांगताना ताठ बसतात. 4 ऑगस्ट 2020 ला ते गेले तेव्हा कोरोनाची टाळेबंदी होती आणि आमच्या शिक्षकांच्या गटावर त्यांच्याबद्दल एक ओळही आली नाही. मीही टाकली नव्हती. मला तेव्हा त्यांचे नावच नीट माहीत नव्हते.

मुंबईत त्यांच्याकडे शिकलेल्यांत विजया मेहता होत्या. 1960 मध्ये ‘रंगायन’ निघाले आणि त्यांनी आयनेस्कोचे ‘खुर्च्या’ मराठीत आणले. एक म्हातारा, एक म्हातारी, पाहुणे येत राहतात, खुर्च्या वाढत राहतात, पण पाहुणा एकही दिसत नाही. गर्दी आहे, चेहरा नाही! हे वाचले त्या रात्री मला अब्बांच्या प्रश्नाचे उत्तर सापडू लागले. मेळ्यात माणसे लागतात, पण ती रंगवलीच पाहिजेत असे कुठे आहे?

बाकीचे उत्तर पंढरपूरने दिले. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, डॉ. जब्बार पटेल यांचाही पंढरपूरचा. एका वारकरी गावाने एक चित्रकार आणि एक नाट्यदिग्दर्शक असे दोन मुसलमान महाराष्ट्राला द्यावेत, ही गोष्ट मला फार आवडते. हुसेन तरुणपणी मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवत, म्हणजे आमच्याच बिरादरीचे. अब्बा त्यांना ‘हुसेनभाई’ म्हणतात, जणू शेजारच्या गल्लीतले. त्यांच्या चित्रांवरून इथे खटले भरले गेले. 2004 मध्ये त्यांच्या ‘मीनाक्षी’ सिनेमातल्या कव्वालीवर आपल्याही काही संघटनांनी हरकत घेतली. 2006 मध्ये त्यांनी देश सोडला, 2011 मध्ये लंडनला इंतकाल झाला. दोन्हीकडून ढकलला गेलेला माणूस. अब्बांनी स्वतः चेहरे सोडले, पण हुसेनभाईंबद्दल वाईट शब्द त्यांनी कधी काढला नाही. “वो उनका और अल्लाह का मामला,” एवढेच.

जब्बार पटेलांनी 16 डिसेंबर 1972 ला पुण्यात तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ उभे केले. त्याचे चित्रण मी मोबाईलवर तुकड्या-तुकड्यांनी पाहिले. त्यात माणसांचाच पडदा आहे. नटांची रांग डोलते, गाते, पाठ फिरवते आणि भिंत होते. फाकते आणि रस्ता होतो. त्याआडून पात्र येते-जाते. दशावतार, खेळे, कीर्तन, तमाशा हे सगळे त्यात आहे, म्हणून लोक त्याला अस्सल देशी म्हणतात, आणि ते बरोबरही आहे. पण माणसाच्या शरीराची रेषा करायची, रेषेची भिंत करायची, ही नजर मला त्याच शतकातल्या चित्रकारांची वाटते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पुढे 1978 मध्ये त्यांनीच ब्रेख्तचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, पु. लं.नी मराठीत आणलेला. ब्रेख्तच्या रंगमंचावरही पाट्या होत्या, त्याचा चित्रकार मित्र कास्पर नेहर त्याला नेपथ्य करून देई. आमच्या हमीदकडेही तीनच पैसे! हा योगायोग मी मुलांना सांगितला तेव्हा ती फार खूष झाली, ब्रेख्त कोण हे माहीत नसताना.

आपल्या सातपुड्यात तर हे सगळे आधीपासून आहे, हे अब्बांनीच मला सांगितले. तरुणपणी ते अक्कलकुव्याजवळ काठीच्या होळीला गेले होते. अंगभर पांढरे ठिपके रंगवलेले, डोक्यावर बांबूचे उंच टोप, कमरेला वाळके दुधी भोपळे आणि घुंगरू बांधलेले बुध्या रात्रभर नाचत होते. “उनको पडदे की जरूरत नहीं,” अब्बा म्हणाले, “बदन पे ही पडदा है.” पिकासो आफ्रिकेचे मुखवटे बघून हादरला म्हणतात. त्याला काठीला कोणी आणले असते तर!

तालमी सुरू झाल्या. दीड हजारांत आम्ही काळे कापड आणि एक लाल कापड घेतले. लाल रंग अब्बांनी निवडला. नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथारी पसरतात ना, नजर जाईल तिथपर्यंत लाल, तसा लाल त्यांना मेळ्यासाठी हवा होता. मेळ्याचा पाळणा, दुकाने, गर्दी काही नाही. सहा मुलांनी ते कापड हवेत धरायचे, हलवायचे, त्याखालून हमीदने जायचे. आणि पाट्या. पत्र्याच्या तीन पाट्या: घर, मेळा, ईदगाह. एका बाजूला उर्दू नस्तालीक, दुसऱ्या बाजूला मराठी. मुलगा उजवीकडून उर्दू बाजू दाखवत येई, मधोमध पाटी उलटी करी आणि मराठी बाजू दाखवत डावीकडे जाई. वीस वर्षांनी अब्बांनी मोठा चपटा ब्रश भिजवला. ‘ईदगाह’ या शब्दावर त्यांनी तीन दिवस घालवले. मी घाई केली तर म्हणाले, “पूरा पडदा तीन हरफ में लाना है, वक्त लगता.” (हरफ तीनाहून जास्त आहेत, पण त्यांना मध्ये टोकायची हिंमत माझ्यात नाही.)

नमाजाचा प्रश्न ‘घाशीराम’च्या रांगेने सोडवला. बावीस मुले प्रेक्षकांकडे पाठ करून तीन सफांत उभी राहिली. पांढरे कुर्ते, खांद्याला खांदा. ना रुकू, ना सजदा. फक्त उभे राहणे आणि शांतता, मग सलामाचा एकच आवाज आतून, आणि सफा मोडून तीच मुले मेळा झाली. हाजी साहेब तालमीला येऊन खुर्चीवर बसले होते. काही बोलले नाहीत. जाताना मुलांना बिस्किटे वाटायला पैसे दिले.

एक गोष्ट मात्र मी ठरवलेली नव्हती. दादी अमीना करणारी सातवीतली मुलगी हुशार, पाठांतर पक्के, पण चेहरा कोरा. चिमटा बघून आधी राग, मग राग वितळून रडू, हे काही केल्या येईना. मी बी.एड.चे नाट्यीकरणाचे सगळे धडे वापरून पाहिले. अब्बा कोपऱ्यात पाटी वाळवत बसले होते. ते उठले, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, “आँख को हात मत लगा. पहले भवें. ये भव इतनीच उठनी. होंठ बंद. ठुड्डी नीचे. अब देख चिमटे को.” मुलीचा चेहरा आमच्या डोळ्यांदेखत बदलला. दुसरी मुले गप्प झाली. नंतर मी विचारले, तर म्हणाले, “निरुपा रॉय के कितने बोर्ड बनाए होंगे मैं ने. हात भूला नहीं.” आणि पुन्हा पाटीकडे वळले. पुढचे दहा दिवस ते रोज तालमीला आले. मोहसिन, महमूद, नूरे, सम्मी, सगळ्यांच्या भुवया त्यांनी एकेक करून बसवल्या. ब्रश हातात नव्हता, रंग नव्हता, बोटही लावत नव्हते. मी बघत होतो, आणि चौथीतला तो राग कुठे ठेवावा हे मला कळत नव्हते.

प्रयोग एका मंगल कार्यालयात झाला. माईक दोनदा बंद पडला. लाल कापड एका खिळ्यात अडकून टर्रकन फाटले, आणि मुलांनी ते तसेच हलवत ठेवले. सफा उभ्या राहिल्या तेव्हा सभागृहात मागे बसलेले आमच्या मोहल्ल्यातले काही लोक नकळत उठून उभे राहिले, मग ओशाळून बसले. शेवटी दादी रडली तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन मराठी बाया पदराने डोळे पुसताना मी विंगेतून पाहिल्या.

बक्षीस मिळाले नाही. गुणपत्रिका हातात आली तिच्यात अभिनयाला बरे गुण होते, आणि नेपथ्याच्या रकान्यात दहापैकी दोन. शेऱ्यात लिहिले होते की प्रसंगानुरूप पडदे नसल्याने वातावरणनिर्मिती झाली नाही. मला एकदम बोलायचे होते. मालेविच, पोपोवा, अल्काझी सगळे तोंडावर आले होते. दादरच्या छबिलदास शाळेचा हॉलही आला. 1974 पासून ‘आविष्कार’ने दिवसा शाळा भरणाऱ्या त्या साध्या हॉलमध्ये मराठी प्रायोगिक नाटक वाढवले, आणि तिथे ना झालर होती ना राजवाडा. पण समोर परीक्षक चहा पीत होते, दमलेले दिसत होते, आणि सकाळपासून त्यांनी अकरा नाटके बघितली होती. मी सही करून कागद घेतला.

रिक्षात अब्बांनी तो कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला. मला वाटले, त्यांना लागेल.

“दो भी कायको दिए?” ते म्हणाले. “पडदा तो थाच नहीं.” आणि बराच वेळ हसत राहिले.

ती तीन पाट्या सध्या आमच्या शाळेच्या कपाटावर आहेत. ‘घर’ लिहिलेली पाटी पहिलीच्या वर्गशिक्षिका वाचनासाठी नेतात, परत आणत नाहीत. यंदा पुन्हा नाटक करायचे आहे, कुठले ते ठरलेले नाही. अब्बांना सांगितले तर त्यांनी नाव विचारले नाही. पत्रा किती फुटी लागेल तेवढे विचारले, आणि अस्तर आत्ताच मारून ठेवतो म्हणाले, थंडीत ते लवकर वाळत नाही.